अर्थखातं कधीच न मिळालेले अर्थतज्ज्ञ मंत्री

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री होते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. त्याआधी चार वर्षं ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे त्यामानाने कमी जणांना माहीत असतं. आणि त्यांचा मूळ अभ्यासविषय कायदा नव्हताच, अर्थशास्त्र होता, ही गोष्ट जयंतीच्या भाषणात एका वाक्यात येते आणि भाषण पुढे सरकतं. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. आणि पीएच.डी., लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम.एस्सी. आणि डी.एस्सी. या चारही पदव्या अर्थशास्त्रातल्या. बॅरिस्टरी त्यांनी लंडनमध्ये असताना जोडीला केली.

असा माणूस सरकारात गेला, तर त्याला अर्थ, व्यापार किंवा नियोजन असं काहीतरी मिळेल, असं कुणालाही वाटेल. यातलं एकही खातं त्यांना मिळालं नाही. तरीही त्यांनी विशी-तिशीत लिहिलेले प्रबंध आधी वाचले आणि मग पन्नाशीत मंत्री म्हणून केलेली भाषणं वाचली, की तोच माणूस तोच मुद्दा पुढे नेतोय हे लख्ख दिसतं. प्रबंधांतले हे मुद्दे काय होते आणि मंत्रिपदावर त्यांचं काय झालं, ते सोप्या भाषेत पाहू. आकडेमोड थोडी लागेल, पण पाढ्यांच्या पलीकडची नाही.

शेत लहान की शेतावरची माणसं जास्त?

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी. तिथून १९१६ला लंडन, आणि मुदत संपल्यामुळे १९१७ला अभ्यास अर्धवट टाकून परत. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्राध्यापकांच्या खोलीतल्या भांड्यातलं पाणी त्यांनी पिऊ नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, हे त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. वर्गात मात्र त्यांचं शिकवणं ऐकायला बाहेरचीही मुलं येऊन बसत.

त्याच वर्षी त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. तेव्हाचं सर्वमान्य मत असं: वारसाहक्काने जमिनीचे तुकडे पडतात, तुकडा लहान झाला की शेती परवडत नाही, म्हणून तुकडे जोडा आणि पुढे वाटणी होऊ देऊ नका. ऐकायला बरोबर वाटतं. आजही गावोगाव हेच बोललं जातं.

बाबासाहेबांनी आधी विचारलं की लहान म्हणजे किती? ज्या जमिनीवर एका कुटुंबाचं पोट भरतं ती परवडणारी, अशी तज्ज्ञांची व्याख्या होती. त्यांचं म्हणणं, ही व्याख्या खाणाऱ्या तोंडांवरून केलेली आहे, पिकवण्यावरून नाही. जमीन परवडते की नाही हे एकरांवर ठरत नसतं. तिच्या जोडीला बैल किती, अवजारं किती, हाताशी पैसा किती, यावर ते ठरतं. दहा एकर जमीन आहे आणि नांगर एकच, बैलजोडी भाड्याची. तर त्या शेतकऱ्याला दहा एकर लहान नाहीत, त्याच्या साधनांच्या मानाने जास्तच आहेत. भारतातल्या शेतीकडे भांडवल इतकं तुटपुंजं आहे, की आहेत त्या जमिनीही त्याच्या मानाने मोठ्या ठरतात, असा उलटा निष्कर्ष त्यांनी काढला. सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकाने काढलेला हा निष्कर्ष तेव्हाच्या शेतीखात्यातल्या साहेबांना कसा वाटला असेल, कल्पना करा.

मग दुखणं कशात? शेतावर नुसत्या बसून असलेल्या हातांत. कामापेक्षा माणसं जास्त असली, की ती पिकवत फारसं नाहीत पण खातात सगळी, आणि शिल्लक उरत नाही. शिल्लक नाही म्हणून भांडवल नाही, भांडवल नाही म्हणून शेती सुधारत नाही. यावर उपाय शेतीच्या आत नाही, असं ते म्हणाले. कारखाने वाढवा, शेतावरची जादा माणसं तिकडे जाऊ द्या, जमिनीवरचा भार आपोआप हलका होईल. शेतीच्या दुखण्यावर सगळ्यांत खात्रीचा इलाज उद्योगीकरण, हे त्यांचं १९१८चं मत. हे लक्षात ठेवा, पंचवीस वर्षांनी ते पुन्हा भेटणार आहे.

रुपयाचा प्रश्न

आता जरा अवघड भाग. १९२० साली साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथे डी.एस्सी.साठी विषय घेतला रुपयाचा.

पार्श्वभूमी अशी. १८९३पर्यंत रुपया चांदीचा होता आणि टांकसाळ सगळ्यांसाठी खुली होती. कुणीही चांदी घेऊन जावं आणि नाणी पाडून आणावीत. त्यामुळे रुपयाची किंमत म्हणजे त्यातल्या चांदीची किंमत. १८७०नंतर युरोपातले देश एकामागून एक सोन्याच्या चलनाकडे वळले, जगात चांदी पडून राहिली, तिचा भाव कोसळला आणि रुपयाही कोसळला. दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया वीसेक वर्षांत सव्वा शिलिंगावर आला. वीस शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे पूर्वी दहा रुपयांत मिळणाऱ्या पौंडाला आता सोळा रुपये मोजायचे.

हिंदुस्थान सरकारच्या पोटात गोळा आला, कारण त्याला दरवर्षी लंडनमध्ये मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे. निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, कर्जाचं व्याज, रेल्वेवरचा खर्च. कर गोळा व्हायचा रुपयांत आणि देणं पौंडांत. म्हणून १८९३ साली सरकारने टांकसाळ लोकांसाठी बंद केली. रुपया टंचाईचा झाला की महाग होईल, हा हिशोब. तो जमला. शतक संपता संपता रुपया एक शिलिंग चार पेन्सवर (बारा पेन्सचा एक शिलिंग), म्हणजे पंधरा रुपयांना एक पौंड या भावावर आणून बसवला गेला.

यातली मेख अशी की टांकसाळ लोकांसाठी बंद झाली होती, सरकारसाठी नाही. सरकारला वाटेल तेव्हा रुपये पाडता येत. देशात चांदीचा रुपया फिरत राही. त्याच्या बदल्यात देशात कुणाला हक्काने सोनं मिळत नसे. फक्त परदेशाशी व्यवहार करताना लंडनमधल्या गंगाजळीच्या जोरावर सरकार पंधरा रुपयांचा भाव सांभाळून धरी. या व्यवस्थेला सुवर्ण विनिमय पद्धत म्हणतात. जॉन मेनार्ड केन्स या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या अर्थतज्ज्ञाने १९१३ साली तिची तारीफ केली होती. सोनं खिशात खुळखुळवायची गरज नाही, स्वस्तात काम भागतं, असं त्याचं म्हणणं.

लंडनमध्ये शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने या केन्सशी वाद घातला. बाबासाहेबांचा आक्षेप असा: तुम्ही रुपयाचा परदेशातला भाव सांभाळता, पण देशात त्याने काय विकत मिळतं त्याचं काय? सरकारच्या हातात रुपये पाडायची मोकळीक आहे आणि पाडलेले रुपये परत काढून घ्यायची सक्ती नाही. मग रुपये वाढत जाणार आणि महागाईही वाढत जाणार. रुपया स्थिर करायचा असेल तर त्याची खरेदीची ताकद स्थिर करा. विनिमयाचा भाव सांभाळणं म्हणजे लक्षणावर औषध देणं, रोग तसाच राहतो. त्यांनी सुचवलेला इलाज कडक होता. टांकसाळ सरकारसाठीसुद्धा बंद करा. सोन्याचं नाणं काढा. सोन्याचं नाणं आणि रुपया यांचा भाव कायद्याने ठरवा. रुपये आहेत तितकेच राहू द्या. थोडक्यात, सरकारच्या सदसद्विवेकावर विसंबू नका, त्याचे हात बांधा.

परीक्षकांनी प्रबंधात फेरबदल सुचवले. ते करून, मुंबईहून पुन्हा पाठवून १९२३ साली पदवी मिळाली आणि त्याच वर्षी पुस्तक निघालं. प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची. कॅनननी त्यात सरळ लिहिलं की या पद्धतीबद्दलचा आंबेडकरांचा राग मला मान्य नाही, पण काही ठिकाणी त्यांनी घाव अचूक घातलाय, आणि जिथे ते चुकतात असं मला वाटतं तिथेही त्यांच्या विचारात ताजेपणा आहे. विद्यार्थ्याला याहून चांगलं प्रशस्तिपत्र मिळणं कठीण.

या पुस्तकातला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा वेगळाच आहे. पुढे १९२०च्या दशकात वाद पेटला, की रुपया एक शिलिंग चार पेन्सचा असावा की सहा पेन्सचा? साधं उदाहरण घ्या. मुंबईच्या व्यापाऱ्याने एक पौंडाचा कापूस लंडनला विकला. रुपया चार पेन्सवाला असेल तर हातात पंधरा रुपये. सहा पेन्सवाला असेल तर तेरा रुपये पाच आणे आणि वर काही पै. म्हणून गिरणीमालक आणि निर्यातदार स्वस्त रुपयाच्या बाजूने होते, आणि चार पेन्स म्हणजेच देशहित असा सूर लागला होता. बाबासाहेबांनी विचारलं, हे जादा दीड-दोन रुपये आले कुठून? परदेशी गिऱ्हाइकाने तर एकच पौंड दिला. ते आले देशातल्याच मजुराच्या खिशातून. रुपया स्वस्त झाला की धान्य-कापड महागतं, मजुरी मात्र मागाहून रखडत वाढते. तो फायदा देशाचा नसतो. देशातल्या एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून घेतलेला असतो. निर्यात वाढावी म्हणून रुपया पडू द्यावा असं आज कुणी म्हटलं, तर हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही जसाच्या तसा विचारता येतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या या पुस्तकावरून स्थापन झाली, असा मजकूर दर एप्रिलमध्ये व्हॉट्सअॅपवर फिरतो. घडलं ते असं: १९२५च्या डिसेंबरात, भारताच्या चलनाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, आणि बऱ्याच घोळानंतर १९३४चा कायदा होऊन १ एप्रिल १९३५ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. पण बाबासाहेबांच्या साक्षीचा भर बँकेवर नव्हता, रुपये पाडण्याच्या सरकारी मोकळिकीवर होता. आयोगाने त्यांचा इलाज स्वीकारलाही नाही. पुस्तक एवढं भक्कम आहे की त्याला या उसन्या श्रेयाची गरज नाही.

पैसा कुणी मिळवायचा, खर्च कुणी करायचा

तिसरं काम ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं. हा त्यांचा कोलंबियाचा पीएच.डी.चा प्रबंध १९२५ साली पुस्तकरूपाने आला आणि पदवी रीतसर १९२७ला मिळाली. १८३३ ते १९२१ एवढ्या काळात केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, याचा तो इतिहास.

विषय रुक्ष वाटतो, पण एकत्र कुटुंबाचं घर डोळ्यांपुढे आणा. सगळी कमाई थोरल्याच्या हाती आणि संसाराचा खर्च धाकट्या भावांच्या हाती. धाकट्यांना कमवायची चिंता नाही, म्हणून ते मागताना हात आखडत नाहीत. थोरल्याला नेमकी गरज किती ते कळत नाही, म्हणून तो मागेल त्याला निम्मं देतो. वर्षअखेर जे उरेल ते थोरला परत घेणार, म्हणून धाकटे फाल्गुन संपायच्या आत सगळं उडवून मोकळे होतात. १८७१पर्यंत कलकत्त्याचं केंद्र सरकार आणि मुंबई-मद्रासचे प्रांत यांचं नेमकं हेच चाललं होतं. जो जास्त आरडाओरडा करेल त्याला जास्त, वाटणीत तर्काचा संबंध नाही, असं तेव्हाच्या एका बड्या अधिकाऱ्यानेच लिहून ठेवलं होतं आणि बाबासाहेबांनी ते उद्धृत केलं. ३१ मार्चच्या आधी सरकारी कचेरीत चालणारी खरेदीची धांदल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रबंध परका वाटणार नाही.

१८७१ साली लॉर्ड मेयोने तुरुंग, पोलीस, शिक्षण, रस्ते अशी काही खाती प्रांतांकडे दिली आणि सोबत ठरावीक रक्कम. १८७७पासून रकमेऐवजी काही करांचं उत्पन्नच दिलं. १८८२पासून काही करांत केंद्र आणि प्रांत भागीदार झाले. वरवर पाहता प्रांतांचे अधिकार वाढत होते. बाबासाहेबांनी दाखवलं की कायद्याने सगळं केंद्राचंच होतं, प्रांत वापरत होते ते केंद्राच्या मर्जीने. ब्रिटिशांनी राज्यकारभारात केलेल्या १९१९च्या सुधारणांत तर आणखी गंमत झाली. लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्यांकडे शिक्षण-आरोग्य आलं, पण तिजोरीची किल्ली गव्हर्नरच्या गोऱ्या-काळ्या कौन्सिलरांकडे राहिली. जबाबदारी एकाकडे आणि पैसा दुसऱ्याकडे असेल तर कारभार चालत नाही, हे त्यांनी तेव्हा लिहिलं.

मजूर खातं, म्हणजे वीज आणि पाणीसुद्धा

मधली पंधरा-सतरा वर्षं महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, स्वतंत्र मजूर पक्ष यांची. ती सगळ्यांना ठाऊक आहेत. इथे एवढंच सांगतो, की १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात कोकणातली खोती, म्हणजे सरकार आणि कुळं यांच्या मधे बसून सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत, बंद करण्याचं विधेयक त्यांनी मांडलं, ते मंजूर झालं नाही.

जुलै १९४२मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. नावावरून वाटतं की कामगारांच्या तक्रारी आणि संप एवढंच काम. प्रत्यक्षात खाणी, सरकारी बांधकामं, वीज आणि पाटबंधारे यांचीही बरीच कामं या खात्याला जोडलेली होती.

कामगारांचं आधी. डिसेंबर १९४३मध्ये ते धनबादच्या कोळसाखाणीत स्वतः खाली उतरले आणि मजुरांच्या चाळी पाहून आले. पुढच्याच महिन्यात कोळशावर उपकर बसवून त्यातून खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभारणारा वटहुकूम निघाला. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याची मर्यादा ५४ तासांवरून ४८ तासांवर आली, म्हणजे सहा दिवस धरले तर रोजचे आठ. सरकार, मालक आणि कामगार यांनी एका टेबलाशी बसायची त्रिपक्षीय पद्धत आणि कामधंदा शोधून देणारी सरकारी केंद्रं यांची घडीही याच काळात बसली.

आणि एक काळी बाजूही. १९३७पासून बायकांना खाणीत जमिनीखाली कामाला लावायला बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ साली सरकारने ती उठवली, आणि विधिमंडळात या निर्णयाची बाजू मांडावी लागली बाबासाहेबांना. आणीबाणी आहे, तात्पुरतं आहे, आणि बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, समान कामाला समान दाम हे तत्त्व इथे प्रथमच लागू होतंय, असं त्यांनी सांगितलं. बंदी १९४६ला परत आली. माझ्या मते हा युक्तिवाद तोकडाच होता. पण मंत्रिपद म्हणजे काय हे त्यातून कळतं: प्रबंधात आपल्याला हवं तेच लिहिता येतं, मंत्र्याला सरकारने ठरवलेलंही निभावून न्यावं लागतं.

आता वीज. ऑक्टोबर १९४३मध्ये विजेच्या धोरणासाठी नेमलेल्या समितीपुढे त्यांनी भाषण केलं. विजेच्या बैठकीत तारा, खांब आणि दर यांवर बोलणं अपेक्षित असतं. त्यांनी सुरुवात केली ती आपल्याला वीज हवी तरी कशाला इथून. उत्तर असं, की स्वस्त आणि भरपूर विजेशिवाय उद्योगीकरण होणार नाही, आणि उद्योगीकरणाशिवाय इथली माणसं दारिद्र्याच्या चक्रातून सुटणार नाहीत, कारण शेतीवर माणसं मावेनाशी झाली आहेत. १९१८च्या निबंधातला युक्तिवाद पंचवीस वर्षांनी सरकारी समितीच्या टेबलावर आला होता. वीज ही नफ्यासाठी विकायची वस्तू नाही, सरकारने स्वतः पुढाकार घेऊन ती स्वस्तात द्यावी, हा त्याचा पुढचा भाग.

पाण्याचंही तसंच. जुलै १९४३मध्ये बिहार-बंगालमधून वाहणाऱ्या दामोदर नदीला मोठा पूर आला. पुरावरचा तेव्हाचा ठरलेला उपाय म्हणजे नदीकाठी बांध घालायचे. नोव्हेंबर १९४५मध्ये कटकला ओरिसातल्या नद्यांबद्दलच्या बैठकीत बाबासाहेबांनी तिथल्या पूरसमित्यांच्या विचारालाच हात घातला. पाणी जास्त होणं हे संकट समजू नका. माणूस जास्त पाण्यापेक्षा कमी पाण्याने जास्त मरतो. पाणी ही संपत्ती आहे, ती समुद्रात ढकलू नका, अडवा, आणि एकाच धरणातून पूर, शेती, वीज आणि जलवाहतूक यांची सोय करा. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर होता. तिथला अनुभवी इंजिनियर वुर्डुइन यांच्याकडून दामोदरचा आराखडा करून घेतला. नदी दोन-तीन प्रांतांतून वाहते, मग तिचं नियोजन एका प्रांताने कसं करायचं, हा प्रश्न सोडवायला १९४५ला मध्यवर्ती जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग स्थापन झाला. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ला झाला, तेव्हा हे खातं त्यांच्याकडे नव्हतं. महानदीवरचं हिराकूड धरणही याच विचारातून पुढे आलं.

या धरणांनी किती गावं उठवली, विस्थापितांचं काय झालं, हा हिशोब नंतरच्या पिढ्यांना मांडावा लागला. चाळीसच्या दशकातल्या भाषणांत तो जवळजवळ दिसत नाही.

कायदेमंत्री

१९४७च्या मार्चमध्ये त्यांनी घटना समितीसाठी एक मसुदा लिहिला. मोठे उद्योग आणि विमा सरकारी मालकीचे, शेतजमीनही सरकारी आणि गावकऱ्यांनी ती सामुदायिकपणे कसायची, अशी त्यात मांडणी होती. आणि हे सगळं घटनेतच लिहा, म्हणजे पुढच्या निवडणुकीतलं बहुमत ते पुसणार नाही. हा मसुदा मान्य झाला नाही. दीड वर्षाने, नोव्हेंबर १९४८मध्ये, के. टी. शाह या दुसऱ्या अर्थतज्ज्ञाने घटनेच्या पहिल्याच कलमात समाजवादी हा शब्द घालायची दुरुस्ती आणली, तेव्हा तिला विरोध केला तो मसुदा समितीचे अध्यक्ष आंबेडकर यांनी! समाजाची आर्थिक घडी कशी असावी ते त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावं, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत, असं ते म्हणाले. विसंगती आहेच. मसुदा समितीचा अध्यक्ष स्वतःचं मत मांडत नसतो, सभेत निभेल ते मांडत असतो, एवढाच खुलासा मला दिसतो.

जुन्या प्रबंधांचा ठसा घटनेत दोन ठिकाणी स्पष्ट आहे. सरकारी खर्चाचा हिशोब तपासणारा महालेखापरीक्षक हा घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, असं त्यांनी १९४९ला घटना समितीत सांगितलं, न्यायाधीशांहूनही त्याचं काम मोठं असं धरून. सरकारच्या सद्बुद्धीवर विसंबायचं नाही, हे रुपयाच्या पुस्तकातलंच मत. दुसरं कलम २८०. राष्ट्रपतींनी दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमायचा आणि केंद्राने गोळा केलेल्या करांतला राज्यांचा वाटा त्याने सुचवायचा. ही कल्पना एकट्या बाबासाहेबांची नव्हे. नलिनी रंजन सरकार यांच्या तज्ज्ञ समितीने ती सुचवली होती. पण आरडाओरडा करणाऱ्याला जास्त पैसा ही पद्धत बंद करून वाटणीला ठरलेली जागा आणि ठरलेला काळ देण्याची गरज त्यांच्याइतकी खोलवर अभ्यासलेला माणूस त्या सभागृहात क्वचितच असेल.

हिंदूंच्या लग्न-वारशाचे नियम बदलू पाहणाऱ्या हिंदू कोड बिलाकडे आपण समाजसुधारणा म्हणून पाहतो. मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा आणि बाईला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क, हे त्याचे गाभ्याचे भाग मालमत्तेच्या वाटणीचेच होते, आणि जळजळीत विरोध झाला तोही बराचसा तिथेच.

सप्टेंबर १९५१मध्ये नेहरूंनी ते बिल गुंडाळलं आणि बाबासाहेबांनी राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला लोकसभेच्या पूर्वावतारात, म्हणजे हंगामी संसदेत, निवेदन करायचं होतं. उपसभापतींनी त्याची प्रत आधी मागितली आणि वेळही संध्याकाळची सांगितली. तेव्हा ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. मागासवर्गीयांकडे झालेलं दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, हिंदू कोड बिल ही त्यातली कारणं नेहमी सांगितली जातात. सगळ्यांत आधी येणारं कारण मात्र सहसा कुणी सांगत नाही. कायदा खातं म्हणजे साबणाची रिकामी पेटी, म्हाताऱ्या वकिलांनी खेळत बसावं अशी, असं त्यांनी म्हटलं. त्यासोबत नियोजन खातं देऊ असं पंतप्रधान म्हणाले होते. ते खातं फार उशिरा निघालं, आणि निघालं तेव्हा त्यांना वगळलं. मंत्रिमंडळाची आर्थिक बाबींची समिती झाली, तेव्हा आपण मुळात अर्थशास्त्राचे आणि वित्ताचे विद्यार्थी, म्हणून तिथे तरी घेतील असं त्यांना वाटलं होतं. तिथेही घेतलं नाही. पंतप्रधान इंग्लंडला गेले असताना मंत्रिमंडळाने त्यांना या समितीवर घेतलं, पण पुढच्या फेररचनेत नाव पुन्हा गायब.

ते गेल्यावर दीडेक महिन्याने, नोव्हेंबर १९५१मध्ये, के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वित्त आयोग नेमला गेला. आयोगापुढे लगेच जुनाच वाद उभा राहिला. मुंबई आणि पश्चिम बंगाल म्हणत होते की प्राप्तिकर आमच्याकडे जास्त गोळा होतो, म्हणून वाटाही आम्हाला जास्त द्या. मोठ्या लोकसंख्येची गरीब राज्यं म्हणत होती, डोकी मोजा. आयोगाने प्राप्तिकरातला राज्यांचा एकूण हिस्सा ५० टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर नेला, आणि त्याची वाटणी ८० टक्के लोकसंख्येवर, २० टक्के वसुलीवर केली. मुंबईला ते रुचलं नाही. तक्रार अजून चालू आहे, फक्त आता ती मुंबईऐवजी महाराष्ट्राच्या नावाने होते आणि प्राप्तिकराच्या जोडीला जीएसटीही आला आहे.